डिजिटल कॅमेऱ्याचा भाव किती टिकतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांत कोणता कॅमेरा घ्यावा यापेक्षा, हाती असलेला कॅमेरा विकला तर काय मिळेल, ही विचारणा अधिक आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. वापरलेल्या कॅमेऱ्यांचे भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून उत्तरांत आलेले रुपयांचे आकडे हिशेब समजण्यापुरतेच घ्यावेत.

प्रश्न : मी २००९ साली निकॉन डी९० हा कॅमेरा १८-१०५ लेन्ससह घेतला, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक रुपये मोजले होते. कॅमेरा जपून वापरला आहे. खोके, बिल, चार्जर, सारे जागच्या जागी आहे. आता दुकानदार सहा-सात हजारांच्या वर जायला तयार नाही. माझ्या वडिलांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याला मात्र तोच दुकानदार आपण होऊन चांगली किंमत देऊ करतो. मुलाचे म्हणणे असे, की डी९० ठेवून द्यावा, पुढे त्यालाही दुर्मिळ वस्तूचा भाव येईल. काय करावे?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपल्या दोन कॅमेऱ्यांना दुकानदार निरनिराळा न्याय का लावतो, हे कळले की बाकीचा उलगडा आपोआप होतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्र उमटायचे ते फिल्मवर, आणि फिल्म दर वेळी नवी भरली जायची. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातही आज बाजारात मिळणारा रोल घालता येतो आणि लेन्स चांगली असेल तर निकालात तो कॅमेरा मागे पडत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा सेन्सरने घेतली आणि तो सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटातच कायमचा बसवला गेला. म्हणजे आपण २००९ साली नुसता कॅमेरा विकत घेतला नाही, तर त्या वर्षीची 'फिल्म'ही त्याच्याबरोबर जन्मभरासाठी घेतली. पुढच्या वर्षी अधिक चांगला सेन्सर आला, की जुन्या कॅमेऱ्याचा भाव उतरणे ओघानेच आले.

हा उतार सुरुवातीच्या काळात फार तीव्र होता. १९९९ साली आलेला निकॉन डी१ हा २.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा सुमारे ५,००० डॉलरला मिळत असे आणि तो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठीच होता. त्यानंतर चारच वर्षांनी, २००३ मध्ये, कॅननने ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा ९०० डॉलरच्या आसपास आणला. ज्याने डी१ साठी पूर्ण किंमत मोजली होती, त्याच्या कॅमेऱ्यात बिघाड काहीच झाला नव्हता. तरीही चार वर्षांत दुप्पट तपशील पाचव्या हिश्श्याहून कमी पैशांत मिळू लागल्यावर तो जुना कॅमेरा चढ्या भावाने कोण घेणार? आपण कॅमेरा जपला याचा उपयोग एवढाच, की त्याच जातीच्या दहा कॅमेऱ्यांत आपल्या कॅमेऱ्याला वरचा भाव येतो. त्या सबंध जातीचा भाव मात्र आपल्या हाती नसतो.

मुलाच्या म्हणण्याबद्दल : दुर्मिळ वस्तूचा भाव येण्यासाठी वस्तू आधी दुर्मिळ असावी लागते. डी९० ला इतिहासात जागा आहे हे खरे. चित्रफीत घेऊ शकणारा तो पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा होय, आणि २००८ साली त्याचे केवढे कौतुक झाले होते. परंतु तो अमाप खपला. हौशी छायाचित्रकारांच्या कित्येक घरांत तो आजही कपाटात पडून आहे, त्यामुळे तो वाट पाहून महाग होईल अशी चिन्हे मला दिसत नाहीत. शिवाय पडून राहिलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे वय थांबत नाही. बॅटरी मरते, पकडीचे रबर फुगते आणि सुटू लागते, आणि दहा वर्षांनी त्याचा एखादा सुटा भाग मिळेल याची हमी कोणी देत नाही.

असे असले तरी माझा सल्ला विकू नका, असाच आहे. कारण केवळ वेगळे आहे. सहा-सात हजार रुपयांत आज असा कॅमेरा आपल्याला दुसरा मिळणार नाही. डी९० चे चित्र ४२८८ गुणिले २८४८ पिक्सेलचे असते. छपाईचा नेहमीचा, इंचाला ३०० पिक्सेलचा हिशेब धरला, तर त्यातून १४ इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद प्रिंट निघते, म्हणजे भिंतीवर लावण्याचा ८ गुणिले १२ चा फोटो आरामात होतो. २००९ साली होत होता तसाच आजही होतो. बाजारभाव उतरला म्हणून चित्र उतरत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याला दुकानदार बहुधा सांगणार नाही. डी९० च्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटर आहे. त्यामुळे 'एएफ-डी' प्रकारच्या जुन्या निकॉन लेन्स, उदाहरणार्थ ५० एमएम १.८डी, त्यावर आपोआप फोकस होतात. डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या नंतरच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर त्या होत नाहीत. वापरलेली अशी एक लेन्स थोडक्या पैशांत घ्या आणि घरातल्या मुलांचे खिडकीच्या उजेडातले फोटो काढून पाहा. मेमरी कार्ड मात्र ३२ जीबीपर्यंतचेच घ्यावे; त्यापुढची कार्डे हा कॅमेरा धरत नाही.

वडिलांचा कॅमेरा विकायचा की नाही, हे आपण विचारलेले नाही. तरी दुकानदार आपण होऊन देतो ती किंमत शेवटची समजू नये, एवढे सुचवतो.

प्रश्न : माझा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. कॅनन ५डी मार्क ३ आणि २४-७०, ७०-२०० या दोन लेन्सवर बरीच वर्षे काम केले. आता सोबतची मुले मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे वापरतात आणि ग्राहकही विचारू लागले आहेत. लेखापालाच्या वहीत माझ्या साहित्याची किंमत अजून बरीच दिसते, बाजारात मात्र त्याच्या निम्मीही कोणी देत नाही. साहित्य आता विकावे की आणखी एक हंगाम काढावा? नवी बॉडी घ्यावी की वापरलेली?
(एक व्यावसायिक, कोल्हापूर)

उत्तर : वहीतली किंमत आणि बाजारातली किंमत यांची गल्लत प्रथम दूर करू. प्राप्तिकराच्या हिशेबात कॅमेरा सर्वसाधारणपणे यंत्रसामग्रीच्या गटात जातो आणि त्यावर शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा दर वर्षी धरला जातो. एक लाखाची वस्तू या दराने पहिल्या वर्षी ८५,०००, दुसऱ्या वर्षी ७२,२५० आणि चौथ्या वर्षाअखेर सुमारे ५२,००० रुपयांची उरते. संगणकाला याच नियमांत ४० टक्के घसारा मिळतो. डिजिटल कॅमेरा ही खरे तर लेन्स लावलेली संगणकाचीच एक जात, पण कायद्याने तिला लेथ मशीनच्या पंक्तीला बसवले आहे. त्यामुळे वहीतला आकडा बाजाराच्या वर तरंगत राहतो. त्याने खट्टू होण्याचे कारण नाही. विकताना आलेली रक्कम त्या गटाच्या शिल्लक मूल्यातून वजा होते आणि उरलेल्यावर घसारा पुढे चालू राहतो. तेवढे लेखापालाला सांगून ठेवावे.

आता बॉडी आणि लेन्स यांचा विचार वेगवेगळा करा, कारण त्यांचे भाव वेगवेगळ्या कारणांनी उतरतात. ५डी मार्क ३ हा २०१२ चा कॅमेरा. त्याचे शटर दीड लाख वेळा उघडझाप करील अशी कंपनीची चाचणी होती. लग्नाच्या कामात एका दिवसाला दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, त्यामुळे आपला आकडा ती मर्यादा कधीच ओलांडून गेला असेल. मर्यादा ओलांडली म्हणजे कॅमेरा बंद पडतो असे नाही, पण घेणारा पहिल्यांदा तोच आकडा विचारतो. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननचा पाहण्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर चालवावे लागते, आणि म्हणूनच कॅननच्या सौद्यात तोंडी सांगितलेले आकडे फार ऐकू येतात. आपण तो स्वतःहून दाखवलात, तर भावावरून होणारी निम्मी हुज्जत वाचेल.

या बॉडीचा मोठा उतार केव्हाच होऊन गेला आहे. नव्या कॅमेऱ्याचा भाव पहिल्या दोन वर्षांत आणि त्याची पुढची आवृत्ती आली त्या सुमारास सर्वांत जास्त पडतो. पुढे तो सावकाश सरकत राहतो. म्हणून आणखी एक हंगाम थांबल्याने आपले फारसे नुकसान होणार नाही, आणि आता घाईने विकल्याने फारसा लाभही नाही. विकायचाच असेल तर तुळशीच्या लग्नाआधीचे काही आठवडे बरे, कारण तेव्हा नवे धंदेवाईक दुसरी बॉडी शोधत फिरत असतात. मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारात किंवा आपल्याच गावातल्या दुकानात दिला तर दुकानदार आपला नफा आणि जोखीम वजा करूनच भाव सांगणार. त्याला वस्तू किती दिवस अडकून पडेल हे माहीत नसते, तेव्हा तो आपल्याला लुबाडतो असे समजू नये. ओळखीच्या सहकाऱ्याला दिला तर दोघांचाही फायदा होतो; मात्र नंतरच्या कुरबुरी ऐकण्याची तयारी ठेवावी.

लेन्सची गोष्ट निराळी. धंद्यात म्हणतात ते खरे आहे, बॉडी येते-जाते, लेन्स राहते. काचेला मेगापिक्सेल नसतात आणि चांगली ७०-२०० दहा वर्षांनीही चांगलीच राहते. कॅननचे ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याची पद्धत, १९८७ पासूनचे आहे, आणि २०१८ साली मिररलेससाठी आरएफ माउंट आणताना कंपनीने असा अडॅप्टर दिला, की ईएफ लेन्स नव्या बॉडीवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. १९८७ साली मात्र असे झाले नव्हते. त्या वेळी जुने एफडी माउंट सोडून देताना कंपनीने त्या लेन्स बाळगणाऱ्यांची अवस्था ना घर का ना घाट का अशी करून टाकली. गंमत अशी, की पुढे मिररलेस कॅमेरे आल्यावर त्याच एफडी लेन्स साध्या अडॅप्टरने वापरता येऊ लागल्या आणि रद्दीच्या मोलाने जाणाऱ्या काचांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. ईएफ लेन्सचे भाव सध्या उतरत आहेत, कारण बरेच स्टुडिओ एकाच वेळी ती विकून आरएफकडे जात आहेत. आपण त्या गर्दीत शिरू नये. दोन्ही लेन्स ठेवा आणि फक्त बॉडी बदला.

नवी की वापरलेली, यावर माझे मत स्पष्ट आहे : वापरलेली घ्या. पूर्वी दोन वर्षे जुना कॅमेरा खरोखर जुना वाटायचा, तशी आता स्थिती नाही. सोनी ए७ ३ हा २०१८ सालचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा होता, आणि २०२४ साली आलेला निकॉन झेड६ ३ हाही त्याच घरातला आहे. प्रगती झाली ती फोकसच्या चपळाईत आणि व्हिडिओत. आपल्या कामाचाच हिशेब पाहू. २०२० चा कॅनन आर६ हा २० मेगापिक्सेलचा, म्हणजे ५४७२ गुणिले ३६४८ पिक्सेलचा. ३०० च्या हिशेबाने यातून १२ गुणिले १८ इंचांचे पान भरते. आपण १२ गुणिले ३६ चा, म्हणजे उघडल्यावर दोन पाने मिळून ३६ इंच रुंद होणारा करिझ्मा अल्बम देत असाल, तर त्याच्या समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक पान एका फोटोने काठोकाठ भरते. याहून अधिक मेगापिक्सेलसाठी आपला ग्राहक जादा पैसे देत नाही, हार्ड डिस्क मात्र आपल्याला अधिक घ्याव्या लागतात. एकच अडचण : आर६ मध्ये दोन्ही खाचा एसडी कार्डाच्या आहेत, त्यामुळे मार्क ३ साठी घेतलेली सीएफ या वेगळ्या प्रकारची मेमरी कार्डे निरुपयोगी होतील. ती जुन्या बॉडीबरोबरच देऊन टाका.

पुनर्विक्रीचा विचार व्यावसायिकाने करावा तो असा. समजा बॉडी एक लाखाला घेतली, तीन वर्षांत शंभर समारंभ केले आणि ती पन्नास हजारांना विकली; तर दर समारंभामागे बॉडीचा खर्च ५०० रुपये पडला. मंडपातल्या एका माणसाच्या जेवणाचे ताट याहून महाग असते. ज्याच्या कॅमेऱ्याला काम आहे, त्याने भाव पडला म्हणून झोप उडवून घेऊ नये. काम नसलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉडीवर मात्र बारीक नजर ठेवावी, कारण पडून राहिलेली बॉडी काही न कमावता दर महिन्याला स्वस्त होत असते.

प्रश्न : सोन्यासारखी गुंतवणूक म्हणून एखादा महागडा लायका कॅमेरा घेऊन ठेवावा का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. लायकाच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे भाव टिकले आहेत, पण डिजिटलला तो नियम लागू होत नाही. २००९ साली आलेल्या लायका एम९ मध्ये सेन्सरवरची संरक्षक काच गंजते आणि फोटोत डाग उमटू लागतात, हे पुढे उघड झाले. कंपनीने काही वर्षे सेन्सर बदलून दिले, नंतर ते बदलणे थांबले. आज सेन्सर बदललेला एम९ आणि न बदललेला एम९ यांच्या भावात मोठी तफावत असते, आणि ती केवळ बाहेरून पाहून ओळखता येत नाही. सोने निदान तिजोरीत गंजत नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचे फोटो फार सुंदर दिसतात. सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरमुळे त्यांचे रंग फिल्मसारखे येतात असे म्हणतात. मला एका विक्रेत्याने २००७ च्या सुमाराचा कॉम्पॅक्ट कॅमेरा बारा हजारांना सांगितला आहे आणि याचा भाव वाढतच जाणार, असे तो म्हणतो. घ्यावा का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : हाच कॅमेरा काही वर्षांपूर्वी पाचशे-हजार रुपयांना कोणी घेत नव्हते. मोबाइल आले आणि छोट्या कॅमेऱ्यांचा बाजारच आटला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींप्रमाणे २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. आता नवे कॉम्पॅक्ट फारसे बनत नाहीत आणि जुन्यांची हौस अचानक वाढली, म्हणून भाव चढले. हौसेने चढलेला भाव हौस ओसरली की उतरतो. फुजीफिल्मच्या एक्स१००व्ही चे असेच झाले. २०२० साली तो १,३९९ डॉलरला आला. पुढे समाजमाध्यमांवर गाजला तेव्हा नवा मिळेना आणि वापरलेला त्याहून चढ्या भावाने जाऊ लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुढचा एक्स१००व्हीआय आल्यावर ती झळाळी बरीच कमी झाली. ज्यांनी शिखरावर घेतला त्यांना तोटा झाला, पण आधी घेऊन नुसते वापरणारे फुकटात वापरून गेले.

रंगांबद्दल म्हणाल, तर त्याचे श्रेय सीसीडीला देणे ही अर्धीच गोष्ट आहे. सेन्सरवरचे रंगीत फिल्टर, कंपनीने त्या काळी ठरवलेली रंगांची प्रक्रिया, छोटी लेन्स आणि मुख्यतः तोंडावर थेट पडणारा फ्लॅश, या साऱ्यांनी मिळून तो देखावा तयार होतो. रात्रीच्या मित्रमंडळींच्या फोटोंत आपल्याला जे आवडते, ते बहुतांशी फ्लॅशचे काम असते.

घ्यायचाच असेल तर बारा हजारांत मुळीच नको. आणि घेण्याआधी तीन गोष्टी हाताने करून पाहा. कार्ड कोणते लागते ते विचारा : त्या काळचे ऑलिंपस आणि फुजीचे अनेक कॅमेरे एक्सडी कार्ड मागतात आणि सोनीचे मेमरी स्टिक. ती कार्डे आता जुन्या बाजारातच धुंडाळावी लागतात. एसडी कार्ड असेल तरी जुन्या कॅमेऱ्यांपैकी काही २ जीबीपर्यंतचेच कार्ड धरतात. मग कॅमेरा चालू-बंद दहा वेळा करा आणि लेन्स अडखळते का, कुरकुरते का, ते ऐका. या कॅमेऱ्यांत पहिल्यांदा मोडते ती लेन्स बाहेर काढणारी यंत्रणा, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीवर जातो. शेवटी बॅटरी पूर्ण भरून किती वेळ चालते, हे विक्रेत्यासमोरच पाहा. मात्र त्याआधी घरातली कपाटे उघडा. मामा-मावशींकडे असा एखादा कॅमेरा पडून असण्याचा संभव बराच आहे आणि त्याला कोणी बारा हजार मागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवा फार. कॅमेरा आणि दोन लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपड्यांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवतो. मध्यंतरी विकायला नेला तेव्हा लेन्समध्ये जाळे आहे म्हणून दुकानदाराने भाव निम्म्यावर आणला. हे त्याचे बहाणे की खरे?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खरे असण्याचा संभव अधिक. लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि समोरून तिरके पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. सुरुवातीला ती काचेच्या वरवर असते, पण वेळ गेला की काचेवरचा लेप खाते, आणि मग साफ करूनही तिचा ठसा जात नाही. कोकण, गोवा आणि मुंबईतल्या लेन्स घेताना जाणते गिऱ्हाईक आधी टॉर्चच काढते, ते याचमुळे.

आपली साठवण सगळीच उलटी आहे. चामडे ओल धरते, बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि डांबराच्या किंवा कापराच्या गोळ्यांपासून कॅमेरा दूर ठेवावा, असे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतच छापलेले असते. काही घरांत कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवतात; तेही करू नये, पीठ आत जाते. हवाबंद झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेलची पाकिटे आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढ्यावर काम होते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा; फार कोरडी हवाही रबराला आणि वंगणाला चांगली नव्हे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून पाच-सहा फोटो घ्या.

बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. ती साफ करून विकायची की आहे तशीच, हे कारागिराने सांगितलेल्या खर्चावर ठरवा. महाग झूम लेन्स असेल तर साफ करून घेणे परवडते. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ असेल तर ती जाळ्यासकट, तसे सांगून, पदरात पडेल त्या भावाला देऊन टाकावी.